बॉनेट उघडे असताना

बंद बॉनेटखाली इंजिन असते आणि उघड्या बॉनेटभोवती समाज असतो, हे सत्य कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही, तरी प्रत्येक पुरुषाला ते उपजत ठाऊक असते. माणूस रस्त्यात चक्कर येऊन पडला तर लोक आधी घड्याळ बघतात, मग काय ते ठरवतात. पण कोणी गाडी थांबवून बॉनेट वर केले, की ज्यांना ऑफिसला सर्वांत जास्त उशीर झालेला असतो तेच सर्वांत पुढे येतात. हातातली पिशवी खाली ठेवतात, बाह्या सरसावतात आणि विचारतात, "काय, मिसिंग मारतेय का?" असा सहृदय समाज लाभणे हे भाग्य आहे. आमच्या घराला ते दादाच्या गाडीमुळे लाभले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची गाडी जुनी आहे, पण अगदी जुनी नाही. कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल इंजेक्शन आले, त्यानंतरच्या पहिल्या पिढीतली ती आहे. या पिढीविषयी थोडे गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. तिच्या आधीच्या गाड्या अशिक्षित होत्या. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की ऐकायच्या. नंतरच्या गाड्या उच्चशिक्षित आहेत. मशीन जोडले की आपले कुठे काय दुखते ते भडाभडा सांगून मोकळ्या होतात. मधल्या पिढीच्या गाडीत कॉम्प्युटर आहे, पण तो बोलत नाही. त्याला सगळे कळते, मनाला लागते, आणि तो एक पिवळा दिवा लावून गप्प बसतो. दिवा कशाबद्दल, हे आपण ओळखायचे. (आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा स्वभाव साधारण असाच असल्यामुळे गाडी घरात लवकर रुळली.)

सदर वाहनाची तक्रार पुढीलप्रमाणे होती. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. गरम झाली की सिग्नलला रेस आपोआप वरखाली व्हायची, सगळी गाडी हुडहुडी भरल्यागत थरथरायची, आणि हिरवा दिवा लागला की बंद पडायची. चढावर खोकायची. मिस्त्रीच्या दारात नेली की मात्र अशी गुणी चालायची, की मिस्त्री आमच्याकडे संशयाने बघायचा.

हे असे महिनोन्‌महिने चालले होते आणि कोणाचे काही अडत नव्हते. मग एका संध्याकाळी वहिनींच्या माहेराहून फोन आला.

वहिनींची थोरली बहीण माई अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिचा मुलगा होता. "मावशी, एकदा येऊन जा. आई सारखी तुझी आठवण काढते. उशीर नको करूस," एवढेच तो म्हणाला. वहिनींची आई लवकर गेली, तेव्हा माईनेच त्यांना वाढवले होते. वेणी घालण्यापासून लग्नात पाठवणी करण्यापर्यंत सगळे तिने केले. वहिनींनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली.

"सकाळच्या बसने जाते," त्या म्हणाल्या.

दादाला हे लागले. "घरात गाडी असताना माझी बायको बसच्या रांगेत उभी राहणार? मी काय मेलोय? सकाळी उठायचं, गाडीत बसायचं, दुपारच्या आत माईच्या दारात. गाडीचं जरा तेवढं बघून घेतो."

सकाळी निघालो. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि बंद पडली. आम्ही ती ढकलत परत दारात आणली. वहिनी मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या, कारण दादा म्हणाला होता, "तू उतरू नकोस, अर्ध्या तासात निघतो." त्याने बॉनेट वर केले आणि समाज जमला.

आता निदानाची पद्धत. अडाणी देशांत म्हणे ज्या भागात दोष असण्याची शक्यता जास्त, तो भाग आधी तपासतात. आमच्याकडे ज्याचा मान मोठा, त्याचे मत आधी तपासतात. यामागचा विचार साधा आहे. गाडी काय, आज ना उद्या सुरू होईल. माणूस एकदा दुखावला तर पुढच्या कार्याला येत नाही. त्यामुळे क्रम आपसूक ठरला होता: पहिले जावईबापू, मग धाकटे काका, मग दादा, मग मी, मग शेजारी. मिस्त्री शेवटी, कारण तो ह्या कामाचे पैसे घेतो आणि पैसे घेणाऱ्याला मत देण्याचा अधिकार नसतो. वहिनींचा क्रम लावलेला नव्हता. त्या गाडी चालवत नाहीत.

जावईबापू म्हणजे दादाच्या मुलीचा नवरा. हे मोबाइलवर गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ बघतात, तेही जेवताना, आवाज मोठा ठेवून. त्यांनी इंजिनाकडे न बघताच निदान केले. "बाबा, इंजेक्टर चोक आहेत. शंभर टक्के." इंजेक्टर काढले. धुतले. धुतल्यावर कोणता कुठला यावर थोडा मतभेद झाला, पण जावईबापू "सगळे सारखेच असतात" म्हणाले आणि वाद मिटला. गाडी चालू केली. थरथर पूर्वीइतकीच होती, फक्त आता थरथरणारे इंजेक्टर स्वच्छ होते. दादा म्हणाला, "फरक आहे हं!" जावयाच्या निदानाने फरक पडतोच. तोवर अंधार पडत आला होता. वहिनी उतरून आत गेल्या आणि त्यांनी सगळ्यांसाठी पोळ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवशी काकांची पाळी. काकांनी तरुणपणी एक स्कूटर प्लग साफ करून चालू केली होती, आणि तेव्हापासून जगातला कोणताही बिघाड त्यांना प्लगचाच वाटतो. (टीव्ही बंद पडला तेव्हाही त्यांनी आधी प्लगच विचारला होता. तो निघालाही प्लगच. त्यामुळे त्यांना आवरणे आता कोणाच्या हातात नाही.) नवे प्लग आणले, बसवले. काका इंजिनावर वाकले, डावे कोपर आत कुठेतरी टेकवले आणि म्हणाले, "मार सेल्फ."

आणि काय सांगू! गाडी घड्याळासारखी चालू लागली. रेस एका जागी, थरथर नाही, खोकला नाही. काकांनी आमच्याकडे असे पाहिले, की आम्हाला आमच्या शिक्षणाची लाज वाटली. दादा आनंदाने स्टिअरिंगवर बसला, काका बाजूला झाले, बॉनेट पडले, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बंद पडली.

ढकलत आणली. बॉनेट वर. काका वाकले, गाडी सुरळीत. काका बाजूला, गाडी खोकली. हा प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा केला आणि निष्कर्ष प्रत्येक वेळी एकच निघाला: गाडीला काकांचा धाक आहे. प्रवासात काकांना बॉनेटखाली बसवता येईल का, यावरही जावईबापूंनी मनापासून विचार केला. काका तयार होते.

या सगळ्या वेळात वहिनी मागच्या सीटवर होत्या. तिथून त्यांना उभे केलेले बॉनेट दिसत होते, आणि बॉनेटखालच्या फटीतून आमचे हात. मध्येच त्यांनी काच खाली केली. "भाऊजी, जरा ऐकता का?"

भाऊजी म्हणजे मी. मी गेलो.

"अहो, सकाळी पुन्हा फोन आला होता. माईला काय झालंय, तुम्हाला कल्पना आहे का? डॉक्टर म्हणतात की तिच्या..."

तेवढ्यात इंजिनाने जोरात खोकल्यासारखे केले आणि सगळे ओरडले, "आता! आता ऐक! हा आवाज!" मी धावलो. असा आवाज वारंवार येत नाही, आणि मिस्त्रीला वर्णन करून सांगायला तो प्रत्यक्ष ऐकलेला बरा असतो. वहिनींनी काच पुन्हा वर केली असावी. ती नंतर वरच होती.

मिस्त्रीला बोलावले होते ते केवळ साक्षीदार म्हणून. गल्लीत त्याला 'होय-मिस्त्री' म्हणतात. कोणीही काहीही निदान करो, तो मान हलवून म्हणतो, "तसंही असतं." या एका वाक्यावर त्याने गॅरेज बांधले, वर मजला चढवला. "इंजेक्टर?" "तसंही असतं." "प्लग?" "तसंही असतं." "मिस्त्री, तुला स्वतःला काय वाटतं?" असे विचारले तर तो दुखावतो. त्याने आपले मशीन आणले. मशीनची पिन गाडीला बसेना, कारण मशीन उच्चशिक्षित गाड्यांचे होते. बरीच खटपट करून ते जोडले, तेव्हा पडद्यावर आले: दोष आढळला नाही.

हा निकाल कोणालाच मान्य झाला नाही. आमचे शेजारी म्हणाले, "स्पष्टच सांगतो, मशीन बिघडलंय."

ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'स्पष्टच सांगतो' अशी करतात म्हणून त्यांना गल्लीत स्पष्टसाहेब म्हणतात. निवृत्त झालेत, कुठल्यातरी खात्यात मोठे होते, आणि मतभेद कसा मिटवावा याचे त्यांना शास्त्रशुद्ध ज्ञान आहे. त्यांच्या पद्धतीप्रमाणे कोणाचेच मत खोडायचे नाही, प्रत्येकाचा भाग बदलून टाकायचा. त्याप्रमाणे दादाच्या मतानुसार एक सेन्सर बदलला. माझ्या मतानुसार अर्थिंगची वायर बदलली. (माझे निदान बरोबर होते असे मला अजूनही वाटते. गाडीने साथ दिली नाही.) या टप्प्यावर हिशेब मांडला तर चित्र असे दिसते: निदान करणाऱ्यांपैकी शेकडा शंभर जण चुकले, आणि शेकडा शंभर जणांचा आत्मविश्वास जागच्या जागी राहिला. असा निकाल दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात लागलेला मला माहीत नाही.

राहता राहिले स्पष्टसाहेबांचे मत. ते म्हणाले, "पेट्रोलचा पंप. गरम झाला की दम टाकतो. स्पष्टच सांगतो, मी हे पहिल्या दिवसापासून म्हणतोय." हे खरे होते. त्यांची पाळी आली नव्हती एवढेच.

या गाडीत पंप टाकीत आहे, टाकी मागच्या सीटखाली आहे, आणि मागच्या सीटवर वहिनी होत्या.

"वहिनी," स्पष्टसाहेब अदबीने म्हणाले, "स्पष्टच सांगतो, जरा उठावं लागेल. सीट काढायचीय."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आजही निघत नाही आपण?"

"छे हो, उलट! आता निघालीच समजा. अर्धा तास."

वहिनी उतरल्या. बॅग हातात होती. दादा तेव्हा टॉर्च हातात धरून टाकीच्या झाकणात डोकावत होता. त्या त्याच्यापाशी क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी निघते."

"हो, हो," दादा म्हणाला.

(पुढे त्याने सांगितले, की ती चहा टाकायला निघाली असे त्याला वाटले. तसे वाटणे स्वाभाविक होते. चहाची वेळ झालीच होती.)

सीट निघाली. ती अंगणात ठेवली, तिच्यावर काका बसले. जुना पंप बाहेर आला, नवा आत गेला, पेट्रोलच्या वासाने सगळ्यांची डोकी धरली. सीट पुन्हा बसवली. दादा उत्साहाने ओरडला, "चल गं, बस!"

कोणी बसले नाही. घरात बघितले, गच्चीवर बघितले. स्वयंपाकघरात चहा करून झाकून ठेवलेला होता, सगळ्यांना पुरेल इतका, आणि आता तो पार गार झाला होता. बॅग नव्हती. चपला नव्हत्या.

"रुसली वाटतं," काका म्हणाले.

"आईंचा फोन लागत नाहीये," जावईबापू म्हणाले. दादा पायरीवर बसला आणि फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

अंधार पडल्यावर वहिनींचाच फोन आला. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून बॅटरीवर ठेवला.

"पोचले मी," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण कशी?"

"बसने. नाक्यावर उभी राहिले, लगेच मिळाली. खिडकी पण मिळाली."

"सांगून तरी जायचं!"

"सांगितलं की. तुम्ही हो म्हणालात." मग त्यांचा आवाज खाली आला. "माईने ओळखलं हो मला. हात सोडतच नाहीये. म्हणाली, किती वाट बघायला लावलीस गं. येताना बसमध्ये मला तुमचा इतका राग आला होता, इतका, की रडू आवरेना. शेजारची बाई पाणी द्यायला लागली. इथे आले आणि सगळं निवलं. आता तुम्ही घाई करू नका. तुमचं गाडीचं सावकाश होऊ द्या."

फोन बंद झाला. दादा हळूच म्हणाला, "मी तिला नाक्यापर्यंत तरी सोडायला हवं होतं. चालत." आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिलो. फारच अवघड वेळ होती ती. शेवटी काका पुढे झाले, सवयीने इंजिनावर वाकले, कोणी सेल्फ मारला, आणि इंजिन सुतासारखे सरळ चालू लागले.

"फरक आहे हं!" जावईबापू म्हणाले, आणि सगळ्यांना हायसे वाटले.

वहिनींनी सावकाश म्हटले होते. आम्ही ते शब्दशः पाळले. माई गेल्याचा फोन आला तेव्हाही बॉनेट उघडेच होते.

आता मात्र निघणे भागच होते. आणि योग असा, की त्याच सकाळी बिघाड सापडला. कसा सापडला ते शेवटी सांगतो, कारण ते महत्त्वाचे आहे. गाडी दुरुस्त झाली, आणि ती कशी गेली म्हणून सांगू! चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. सिग्नलला इतकी शांत, की दादाने दोनदा बंद पडली समजून सेल्फ मारला. वाटेत कोणी माईविषयी बोलले नाही असे नाही. दादा म्हणाला, "माईला या गाडीत बसायचं फार होतं." मग बराच वेळ आम्ही पिकअपविषयी बोललो. जावईबापूंच्या मते हा इंजेक्टरचा परिणाम होता. काका प्लगवर ठाम होते. होय-मिस्त्री सोबत नव्हता, नाहीतर सर्वांचेच समाधान झाले असते.

माईच्या दारात माणसे जमली होती. बायका आत, पुरुष बाहेर, सगळे हळू आवाजात. आम्ही उतरलो. दादाला माईच्या मुलाच्या गळ्यात पडून रडू आले, आणि ते रडू खरे होते. मला माझा भाऊ इतका रडलेला आठवत नाही. नंतर आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. उभे राहून राहून काय बोलणार! तिथल्या कोणा नातेवाइकाने गाडीकडे बघत हळूच विचारले, "जुनी दिसतेय. इंजेक्शनची ना? आमचीही होती. फार मिसिंग मारायची."

"मारायची ना?" दादा डोळे पुसत म्हणाला.

आणि त्याने बॉनेट वर केले.

चारसहा जण पुढे सरकले. कोणी बाह्या सरसावल्या. मी वर पाहिले तर वहिनी दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले, केस तसेच. त्यांनी उभे केलेले बॉनेट पाहिले आणि त्याच्याखाली आमचे हात. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, यांना म्हणावं, ते झाकण लावा आणि तिच्याजवळ या. थोडा वेळ उरलाय."

दादाने बॉनेट लावले. अर्थात, लावण्याआधी त्या नातेवाइकाला ती जागा दाखवली.

वाचक हो, तुम्ही आता मान हलवून म्हणत असाल, काय माणसं ही! तुमचे बरोबर आहे. आमच्यासारख्या लोकांमुळेच समाज मागे राहतो. तुम्ही आमच्या जागी असता तर पहिल्याच सकाळी वहिनींना बसमध्ये बसवून दिले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

राहिले ते बिघाडाचे. ते विसरलेलो नाही, आणि तुम्हीही विसरलेला नाहीत. काका वाकले की त्यांचे कोपर एका जाड रबरी नळीवर टेकायचे. नळी खालच्या बाजूने चिरलेली होती. चिरेतून फुकटची हवा इंजिनात शिरायची आणि कॉम्प्युटरचा हिशेब चुकायचा. कोपराने चीर दबली की गाडी बरी, कोपर उचलले की पुन्हा तेच. त्या सकाळी काकांचा रुमाल नळीवरून खाली घसरला आणि चिरेत खेचला जाऊन फडफडत चिकटून बसला. वीतभर नळी बदलली. एवढेच.

झाले समाधान? बरे वाटले ना ऐकून?

माईला काय झाले होते, ते मी तुम्हाला कुठेच सांगितलेले नाही. वहिनी सांगत होत्या तेव्हा तुम्हीही माझ्याबरोबर तो आवाज ऐकायला धावलात, आणि नंतर मागे वळून काही विचारले नाहीत. राग मानू नका. आम्हीही अजून विचारलेले नाही.